गुरगुरणं बंद पाडू नकोस

मालवण, आषाढ

चि. सायलीस,

पत्र पोचलं. तुमचा पामेरियन बिट्टू घरातल्यांच्या मांडीवर लोळतो, पण परकं माणूस खळ्यात आलं की अंगावर धावतो आणि परवा त्याने गॅसवाल्याची पँट धरली. ‘दोन फटके देऊ का?’ असं तू विचारलंस. देऊ नकोस, गो.

चार किलोचा पामेरियन भुंकला की लोक हसतात. ‘वाघ बघ कसो गुरगुरता!’ म्हणत हात पुढे करतात, उचलून घेतात. तेच अल्सेशियनने केलं असतं, तर मंडळी गडग्याबाहेर उभी राहिली असती. लहान कुत्र्याचं दुखणं हेच. त्याने आधी मान फिरवलेली असते, ओठ चाटलेले असतात, शेपूट पायांत घातलेली असते. कुणी बघत नाही. मग तो गुरगुरतो आणि त्याला चापट बसते. चापटीने भीती तशीच राहते, जातं ते फक्त गुरगुरणं. असा कुत्रा पुढे न सांगता चावतो.

पिल्लाची जगाशी ओळख सहज होते ती तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. बिट्टू तुमच्याकडे आला तो गेल्या वर्षी भर पावसात. दारं लावलेली, येणारं-जाणारं कुणी नाही. ते दिवस गेले. आता तेच काम सावकाश करावं लागेल.

औषध म्हणजे अंतर. माणूस किती लांब असला की बिट्टू त्याला बघतो, पण भुंकत नाही, ते हेर. गडग्यापाशी असेल, नाहीतर पार रस्त्यावर. तिथे माणूस दिसला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा दे. माणूस गेला, खाऊ बंद. क्रम चुकवू नकोस: आधी माणूस, मग खाऊ. उलट केलंस तर खाऊ दिसताच तो ‘आता कुणीतरी येणार’ म्हणून ताठ होईल. तुकडा तोंडात घेत नसेल, तर माणूस फार जवळ आहे असं समज आणि मागे हो. (सुकी मासळी देऊ नकोस, मीठ फार.) येणाऱ्याने त्याच्याकडे टक लावायची नाही, वाकायचं नाही. वास घ्यायला जायचं की नाही, ते बिट्टू ठरवील.

मध्येच घसरण होईल, तेव्हा चिडू नकोस. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला, तेव्हा पावलॉव या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचले. त्यांतल्या काहींचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा शिकवायला महिने लागले, आणि मग दाराखालून पाण्याचा नुसता ओघळ आत सोडला तरी एक कुत्रा पुन्हा बिथरला. एका मोठ्या भीतीत एवढी ताकद असते.

म्हणून मला चतुर्थीची काळजी आहे. चाकरमानी येतील, घरोघर भजनं होतील, टाळ-मृदंग, फटाके, पोरांचा दंगा. मागची खोली आत्ताच त्याची कर. तिथे त्याचं अंथरूण टाक आणि जेवणही तिथेच दे, म्हणजे ती जागा शिक्षेची वाटणार नाही. भजनाची रेकॉर्ड आजपासून अगदी हळू आवाजात लाव, सोबत खाऊ दे. लहान मुलांना त्याच्यासोबत एकटं सोडायचं नाही. पंचखाद्यही देऊ नका. त्यातले मनुके कुत्र्याला विषारी.

त्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. कान, दात, गुडघे बघून घे. या जातीची गुडघ्याची वाटी सरकते, आणि दुखरा कुत्रा हात लावू देत नाही. रेबीजची लस दरवर्षी टोचायचीच.

एवढं करून कुणाला दात लागलाच, तर चुना-मिरची लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. बिट्टूला लस दिलेली असली तरी ‘घरचाच कुत्रा’ म्हणून टाळू नका.

आणि तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून एवढं कळव, की पाहुण्यांना दाखवायला म्हणून बिट्टूला काखेत मारून बाहेर आणायचं नाही.

तुझा,
मामा