धुराचा पंचनामा
(जुन्या डिझेल मालट्रकच्या धुराची व गळतीची परीक्षा)

शेतमाल बाजारपेठेस पोंचविणारा मालट्रक हा आतां नांगर व पंप यांच्याइतकाच शेतीचा घटक झाला आहे. पुष्कळ शेतकऱ्यांजवळ तो नवा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या हातांतून आलेला, जुन्या यांत्रिक इंधनपंपाचा असतो. असा ट्रक धूर ओकूं लागला कीं धनी घाबरतो, आणि "इंजिन उतरवा" असा सल्ला मिळतांच कर्ज काढण्याच्या विचारास लागतो. आम्हीं सारी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत घालविली. त्या नोकरीनें आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली ती ही कीं, जागेवर जाऊन पंचनामा केल्यावाचून निकाल लिहूं नये. इंजिनाच्या बाबतींतही हाच नियम लागू पडतो, हें आमच्या ध्यानांत ज्या प्रसंगानें आलें, तो प्रथम सांगतों.

आमचा पुतण्या स्वतःच्या जुन्या ट्रकनें कांदा वाशीच्या बाजारांत नेतो व परततांना खताची भरती आणतो. गेल्या हंगामांत ट्रक चढणीला काळा धूर टाकूं लागला. एका मिस्त्रीनें पाहतांक्षणींच रिंगा व लायनर गेल्याचें सांगितलें. खर्चाच्या चिंतेंत सर्व मंडळी असतां पुतण्या सहज बोलून गेला, "काका, कसारा घाट चढतांना डोकें ठणकूं लागतें, मळमळतें, डोळ्यांवर झांपड येते. वर येऊन खालीं उतरलों, कीं थोड्या वेळानें बरें वाटतें." घरच्यांनीं हें जागरणावर घातलें. आम्हांस मात्र ही साक्ष निराळी वाटली. जागरणाची झोप नुसत्या मोकळ्या हवेनें उतरत नाहीं. विषारी वायूचा अंमल उतरतो. म्हणून इंजिनास हात लावण्यापूर्वीं धुराची वाट तपासण्याचें आम्हीं ठरविलें.

धूर कां होतो? :— रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी ठरलें. तेव्हांपासून त्याचें तत्त्व एकच आहे. या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबानें ती अतिशय तापते, आणि तींत नोझलमधून बारीक तुषारांनीं उडालेलें डिझेल आपोआप पेट घेतें. हवा पुरेशी, तुषार बारीक, दाब पुरा व वेळ नेमकी, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे धूर जवळजवळ दिसत नाहीं. यांपैकीं एकही बिघडली तर ती धुराच्या रंगानें कळते.

गळतीची परीक्षा :— प्रथम गळती पाहावी, कारण येथें पैशाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंगही नसतो व वासही नसतो. पेट्रोलच्या मानानें डिझेल इंजिनांत तो कमी होतो. पण ज्वलन बिघडलें, भार वाढला आणि धूर केबिनमध्यें शिरला, तर तो घातक होऊं शकतो. शिवाय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक ठरविला आहे.

परीक्षा मोकळ्या जागेंत करावी. बंद गोठ्यांत किंवा छपरांत इंजिन कधींही चालू ठेवूं नये. चाकांस उटी लावावी, हातब्रेक ओढावा व गिअर मोकळा ठेवावा. इंजिन रात्रभर थंड झालेलें असावें. सुरू करतांच "टिक् टिक्" असा आवाज येऊन तो वेगाबरोबर वाढत असेल, आणि इंजिन तापल्यावर मंदावत असेल, तर मॅनिफोल्डचा सांधा गळतो असें समजावें. धातु तापून फुगली म्हणजे फट मिटते, म्हणून गरम इंजिनावर ही चोरी सांपडत नाहीं. मॅनिफोल्ड व हेड यांच्या सांध्यावर, फ्लँजवर आणि बोल्टांपाशीं काजळीचे काळे ओघळ शोधावेत. टोंकाकडील बोल्ट विशेष पाहावेत. लांब मॅनिफोल्डची ओढाताण तेथें अधिक होते.

संशय राहिल्यास इंजिन थंड असतांना सुरू करून सांध्यास साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पाणी टाकूं नये, तें तडकतें. एका सोबत्यानें ओल्या गोणपाटाची जाड घडी फळीवर गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरली, तर आंतील दाब वाढून गळतीचा आवाज मोठा होतो.

यानंतर केबिन पाहावें. रात्रीं ट्रकखालीं विजेरी लावून आंत अंधारांत बसावें. तळाच्या पत्र्यांतून, गिअरच्या दांड्याच्या रबरापाशीं किंवा पेडलांच्या भोंकांतून जेथें उजेड दिसेल, तेथून धूरही येऊं शकतो.

काळा धूर :— हवा कमी किंवा डिझेल जास्त. सर्वांत आधीं एअर फिल्टर पाहावा. कांद्याच्या हंगामांत धुळीनें व फोलपटानें तो लवकर कोंडतो. कागदी फिल्टर पाण्यानें धुऊं नये, फार मळल्यास बदलावा. त्यानंतर टर्बो असल्यास त्याच्या रबरी नळ्या पाहाव्यात. मग नोझल तपासून घ्यावेत; थेंब गाळणारा नोझल काळा धूर देतो. पंपाचें सील तुटलेलें असेल, तर कोणीतरी ताकदीच्या लोभानें डिझेल वाढविलें असण्याचा संभव आहे. जादा भार भरून वरच्या गिअरमध्यें चढ चढविणें, हेंही काळ्या धुराचें कारण असून त्यास औषध चालकाच्या हातांत आहे.

पांढरा धूर :— थंड सकाळीं सुरू करतांना थोडा वेळ आला तर चिंता नाहीं. तापल्यावरही येत राहिल्यास दोन जाती ओळखाव्यात. डोळ्यांस झोंबणारा व हवेंत रेंगाळणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. त्यास नोझल, पंपाचें टायमिंग किंवा कमी झालेला दाब कारण होय. चटकन विरून जाणारा धूर पाण्याच्या वाफेचा असतो; रेडिएटरचें पाणीही घटत असेल, तर हेड गॅसकेट किंवा तडकलेलें हेड यांचा संशय घ्यावा. गरम रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये.

निळा धूर :— इंजिनाचें तेल जळत आहे. रात्रभर उभ्या ट्रकास सुरू करतांच निळा झोत येऊन थांबला, तर वाल्वच्या गाइडकडे पाहावें. भाराखालीं सतत येत असेल व तेल भरण्याच्या तोंडाचें झांकण काढतांच आंतून जोराचे झोत येत असतील, तर रिंगा व लायनर झिजले असण्याचा संभव मोठा. परंतु तत्पूर्वीं इंजिनांत किंवा तेलाच्या एअर फिल्टरांत खुणेच्या वर तेल भरलें नाहीं ना, आणि टर्बो तेल टाकीत नाहीं ना, याची खात्री करावी.

कोणता सिलिंडर दोषी हें जाणत्या मिस्त्रीस यांत्रिक पंपाच्या इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित् सैल करून कळतें. ज्यानें धूर कमी होईल, तो नोझल संशयित. हें काम हौशी माणसानें करूं नये. तेथील डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते. कॉमन रेलच्या नव्या इंजिनांवर तर ही रीत मुळींच वापरूं नये.

आमच्या ट्रकचा धूर काळा होता, निळा नव्हता. तेल घटत नव्हतें आणि झांकणाशीं झोत नव्हता. रिंगांवरील आरोपास पुरावा मिळाला नाहीं. उलट मॅनिफोल्ड व टर्बो यांच्यामधील सांध्यावर काजळीचा जाड थर सांपडला. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा आंत लोटतो. धूर वाटेंतच निसटला कीं टर्बो मंदावतो, हवा कमी पडते व काळा धूर वाढतो. तोच निसटलेला धूर गिअरच्या फाटक्या रबरांतून केबिनमध्यें शिरत होता. एका फटीनें ट्रक आणि चालक दोघेही गुदमरत होते. एअर फिल्टरही कोंडलेला होता.

जुनें पॅकिंग खरवडून काढलें, फ्लँज सरळ पट्टीनें तपासला व नवीन गॅसकेट घातला. जुन्यावर नवा गॅसकेट चढवूं नये. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. गळतीवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची जुनी संवय सोडावी. तिचे तंतु फुप्फुसांस घातक आहेत. फिल्टर व गिअरचें रबर बदललें. पुढल्या खेपेस घाट चढून आल्यावर पुतण्यानें फोन केला, "काका, आज डोकें हलकें आहे." इंजिन उतरविण्याचा विषय तेथेंच संपला.

भारत स्टेज चारपूर्वींच्या डिझेल वाहनांस धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक ठरविलेली आहे. त्या परीक्षेपुरतें पंपाचें डिझेल कमी करून घेणें आणि मागाहून पुन्हां वाढविणें, म्हणजे खोटा उतारा जोडण्यासारखें आहे. कागद शुद्ध होतो, शेत तेंच राहतें.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंति कीं, धूर दिसतांच एका वहींत चार गोष्टी टिपाव्यात : रंग कोणता, वेळ कोणती, भार किती, आणि तेल-पाणी घटतें काय. ही टिपणी घेऊन मिस्त्रीकडे जावें. चांगला मिस्त्री ती आनंदानें वाचील. आणि चालकाचें डोकें दुखत असेल, तर ती नोंद सर्वांच्या वर लिहावी व गळती सांपडून बंद होईपर्यंत ट्रक घाटांत घालूं नये.