ठोकळ्यांची रचना आणि तिचे रचनापत्रक : संगणकाच्या साहाय्याने घ्यावयाचा पाठ

जोडठोकळ्यांच्या खेळाची पेटी उघडली की ठोकळ्यांबरोबर एक पुस्तिका निघते. तीत वाचण्याजोगा मजकूर जवळजवळ नसतो. प्रत्येक पानावर एक चित्र, त्या चित्रात नव्याने बसवावयाचे दोन-चार ठोकळे, आणि कोपऱ्यातील लहान चौकटीत त्या ठोकळ्यांचा आकार, रंग व संख्या, एवढेच असते. तरीही कोणत्याही देशातील आठ वर्षांचे मूल त्या पुस्तिकेवरून घर, गाडी किंवा पूल बरोबर उभा करते. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी १९३२ साली सुरू झालेल्या लेगो या खेळणी-कारखान्याने आजच्या पद्धतीच्या जोडठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला, आणि १९६४ पासून खेळाबरोबर अशी पत्रके देण्यास आरंभ केला. ठोकळे जोडणे हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु आपण केलेली रचना दुसऱ्याला शब्दांवाचून, पायरीपायरीने करता येईल अशा रीतीने मांडणे, हे मात्र शिकवावे लागते. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

खेड तालुक्यातील कुरुळी, चिंबळी, निघोजे, महाळुंगे या गावांतील शिक्षकांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुणे-नाशिक रस्त्यालगत चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, तशी या गावांतील शाळांच्या हजेरीपटावरील आडनावेही बदलत गेली. मराठवाडा व विदर्भातून आलेल्या मुलांच्या शेजारी आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुले बसतात. यांपैकी एखादे मूल वर्गात गप्प राहते. त्याला मराठी येत नाही म्हणून ते गप्प असते, आणि ते गप्प असते म्हणून त्याला काही येत नाही असा ग्रह होतो. एकदा झालेला हा ग्रह वर्षभर पुसला जात नाही. ज्या पाठात शब्दांची गरजच कमी आहे त्या पाठात असे मूल काय करू शकते, हे पाहण्याची संधी शिक्षकास मिळते. शिवाय यांतील अनेक मुलांचे पालक ज्या कारखान्यांत जातात तेथेही कोणता भाग आधी व कोणता नंतर बसवावयाचा, याचे चित्रमय पत्रक कामाच्या जागी लावलेले असते. पालक जे पत्रक वाचतो तशा प्रकारचे पत्रक त्याचे मूल शाळेत तयार करते, ही गोष्ट लहान नाही.

अशा साधनांचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा परदेशी बनावटीची महागडी शैक्षणिक साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साधने उभी केली. पुढे १९५७ साली ते कार्य कोसबाड येथे गेले व अनुताई वाघ यांनी ते चालविले. याच औद्योगिक पट्ट्यातील उदाहरण अरविंद गुप्ता यांचे आहे. टेल्को कारखान्याच्या पुणे येथील कामावरून रजा घेऊन ते १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बारीक तुकडे व आगपेटीच्या काड्या यांपासून त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडण्याची युक्ती त्यांनी बसविली. मोटारींचे सुटे भाग जुळविणाऱ्या कारखान्यातला अभियंता काडीकाडीने घन जुळवू लागला! पुढे पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संगणकावरील ठोकळे हे याच मालिकेतील पुढचे साधन समजावे. त्यात ठोकळा हरवत नाही, मोडत नाही, आणि एक रुपयाही न खर्चता हवे तितके ठोकळे मिळतात.

हे साधन कसे निर्माण झाले ते थोडक्यात सांगणे इष्ट आहे. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ साली एलड्रॉ नावाची आज्ञावली लिहिली. तीत प्रत्येक ठोकळ्याचे माप व आकार संगणकास समजेल असा नोंदविला होता. दोनच वर्षांनी, १९९७ साली, जेसिमन याचे निधन झाले. परंतु त्याने ठरविलेली नोंदीची पद्धत इतकी साधी होती की जगभरच्या हौशी मंडळींनी ठोकळ्यांचा तो संग्रह विनामोबदला वाढवीत नेला, आणि तो आजही वाढत आहे. त्याच संग्रहावर चालणारी लिओकॅड ही आज्ञावली विनामूल्य आहे. तिच्याबरोबरच ठोकळ्यांचा संग्रह येत असल्यामुळे ती एकदा संगणकावर बसविली की पुढे इंटरनेटची आवश्यकता राहत नाही, आणि ती जुन्या संगणकावरही चालते. खेड्यातील शाळेच्या दृष्टीने या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पत्रकाची पाने नीट मांडण्यासाठी एलपब-थ्रीडी ही निराळी आज्ञावली आहे. लेगोची स्वतःची डिजिटल डिझायनर ही आज्ञावली २००४ पासून होती. ती २०२२ साली मागे घेण्यात आली व तिच्या जागी ब्रिकलिंक स्टुडिओ पुढे करण्यात आली. शाळेतील संगणक नवा असेल तर स्टुडिओही वापरावी. पाठाची पद्धत दोहोंत एकच आहे.

पाठाचा आरंभ मात्र संगणकापासून करू नये. पहिल्या तासाला दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. दोघांजवळ सारख्याच वस्तू द्याव्यात : आगपेट्या, लाकडाचे तुकडे, मिळाल्यास खरे जोडठोकळे. एकाने सहा वस्तूंची काही रचना करावी व दुसऱ्यास केवळ बोलून ती करावयास सांगावी. “ते त्याच्यावर ठेव”, “इकडे वळव” असे शब्द येऊ लागतील आणि रचना बिघडेल. मुले हसतील, हसू द्यावे. नंतर तीच रचना चौकटीच्या वहीत थरवार काढावयास सांगावी. जमिनीवरील थर पहिल्या चौकटीत, त्यावरील थर दुसऱ्या चौकटीत. या वेळी बोलण्यास पूर्ण बंदी असावी. बोलून जे साधले नाही ते चित्राने साधते, हे मुलांच्या ध्यानात आपोआप येते. मराठी नीट न येणारे मूल या दुसऱ्या भागात इतरांच्या बरोबरीस येते. शिक्षकाने त्याच्याकडे या वेळी विशेष लक्ष ठेवावे.

दुसऱ्या तासाला मापे घ्यावीत. जोडठोकळ्याच्या डोक्यावर गोल उंचवटे असतात. लगतच्या दोन उंचवट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मि.मी. असते. ठोकळ्याची उंची, उंचवटा सोडून, ९.६ मि.मी.; आणि चपट्या ठोकळ्याची ३.२ मि.मी. म्हणजे तीन चपटे एकावर एक ठेवले की एका ठोकळ्याची उंची भरते. एलड्रॉमध्ये अपूर्णांक टाळण्यासाठी ०.४ मि.मी. हे एकक धरले आहे. त्या एककात उंचवट्यांचे अंतर २०, ठोकळ्याची उंची २४ व चपट्याची ८ होते. येथे मुलांना एक प्रश्न घालावा : किती चपटे एकावर एक रचले असता त्यांची उंची दोन उंचवटे रुंदीच्या ठोकळ्याच्या रुंदीएवढी होईल? पाच अठ्ठे चाळीस, आणि दोन विसे चाळीस. आडवा ठोकळा उभा करून भिंतीत बसवावयाचा असेल तेव्हा हे उत्तर उपयोगी पडते. लघुतम सामाईक विभाज्य शिकविताना इतके हातात धरण्याजोगे उदाहरण क्वचितच सापडते.

गणिताचा आणखी एक नमुना वरच्या वर्गासाठी आहे. आठ उंचवट्यांचे, म्हणजे दोन रांगांत चार-चार उंचवटे असलेले, एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्यावेत. एक दुसऱ्यावर किती निरनिराळ्या रीतींनी बसतो ते मुलांनी मोजावे. दोन्ही ठोकळे एकाच दिशेला ठेवले तर ११ व वरचा आडवा फिरविला तर १३, एकूण २४ रीती होतात. अर्धा फेरा फिरविल्यावर सारखी दिसणारी रचना दोनदा मोजली जाते व संख्या वाढते. ही चूक बहुतेक गटांत होते आणि ती मुलांनीच शोधावी. सहा ठोकळ्यांच्या रचना मात्र हाताने मोजता येत नाहीत. त्यांची संख्या ९१,५१,०३,७६५ आहे. पूर्वी १०,२९,८१,५०० हा आकडा सांगितला जात असे. त्यात केवळ सहा थरांचे उंच मनोरेच धरले होते, हे कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी दाखविले व संगणकाकडून खरी मोजणी करून घेतली.

तिसऱ्या तासाला संगणक उघडावा. चाळीस मुलांत एकच संगणक असणे ही बहुतेक शाळांची स्थिती आहे. तीमुळे पाठ अडत नाही. चार-चार मुलांचे गट करून कामे वाटून द्यावीत : एकाने वहीतील थर वाचावा, दुसऱ्याने माउस चालवावा, तिसऱ्याने लागलेल्या ठोकळ्यांची गणना ठेवावी, चौथ्याने चूक झाली की थांबवावे. दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत. हे बदलणे शिक्षकाने घड्याळ लावून स्वतः करावे. अन्यथा वर्गातील एखादा धीट मुलगा शेवटपर्यंत माउस सोडीत नाही आणि मुली गणनेपुरत्या उरतात.

पडद्यावर ठोकळा निवडून जागी ठेवला की त्यामागे संगणक एक ओळ लिहून ठेवतो. तयार झालेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून ती ओळ मुलांना दाखवावी, कारण येथे यंत्रामागील जादू नाहीशी होते. आठ उंचवट्यांच्या तांबड्या ठोकळ्याची ओळ अशी असते :

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१

पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात व शेवटच्या क्रमांकापुढे फाइलच्या नावाची तीन अक्षरे असतात, एवढाच फरक. पहिला १ हा “येथे ठोकळा आहे” असे सांगतो. ४ हा तांबड्या रंगाचा क्रमांक. पुढील तीन आकडे जागा दाखवितात : आडवे अंतर, उंची आणि खोली. त्यापुढील नऊ आकडे ठोकळा कोणत्या बाजूस वळविला आहे ते सांगतात; त्यांच्या खोलात प्राथमिक शाळेत शिरू नये. शेवटी ३००१ हा ठोकळ्याच्या प्रकाराचा क्रमांक. आता जिना करावयाचा असेल तर दुसऱ्या ठोकळ्याची जागा २०, –२४, ० अशी येते, आणि तिसऱ्याची ४०, –४८, ०. या पद्धतीत वर जाताना उंचीचा आकडा ऋण होतो. मुलांना हे उलटे वाटेल. विहिरीत उतरताना खोली धन धरली तर काठाच्या वर चढताना ती ऋण होईल, एवढे सांगितले म्हणजे पुरे. चौथ्या ठोकळ्याचे आकडे मुलांनी फळ्यावर लिहावेत आणि मग फाइलमध्ये घालून पाहावेत. ठोकळा नेमका आपल्या जागी दिसला की वर्गाचा आनंद पाहण्यासारखा असतो.

दोन ओळींच्या मध्ये शून्य व “स्टेप” हा शब्द घातला की तेथे एक पायरी संपते. संपूर्ण रचनापत्रक या एका शब्दावर उभे आहे. पायरी कोठे तोडावयाची हा प्रश्न संगणक सोडवीत नाही. तो मुलाने सोडवावयाचा आहे. खालचे आधी, वरचे नंतर. आतले आधी, बाहेरचे नंतर. नवा ठोकळा जुन्या ठोकळ्याआड लपत असेल तर चित्र वळवून दाखवावे किंवा पायरी आधी आणावी. एका पायरीत फार ठोकळे घातले तर करणारा गोंधळतो, आणि एकेकच घातला तर कंटाळतो. नवशिक्यासाठी तीन-चार ठोकळ्यांची पायरी योग्य ठरते. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना क्रमाचे हे ज्ञान असतेच. तटाआधी चिखलाचा डोंगर आणि सर्वांत शेवटी मावळे. तेच ज्ञान येथे कागदावर आणावयाचे आहे.

पडद्यावरील ठोकळ्यांना वजन नसते, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये. लिओकॅडमध्ये ठोकळा अधांतरी ठेवला तरी तो तेथेच राहतो, आणि दोन ठोकळे एकाच जागी घातले तरी संगणक तक्रार करीत नाही. स्टुडिओमध्ये एकमेकांत घुसलेले ठोकळे दाखविण्याची सोय आहे; तथापि तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. गवंडी विटेचा उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर येऊ देत नाही, तो नियम येथेही लागू आहे. सांध्यावर सांधा ठेवून काढलेली भिंत पडद्यावर देखणी दिसते व हातात घेताच दुभंगते. गावात कोठे बांधकाम चालू असल्यास मुलांना तेथे नेऊन भिंतीचे चार थर चौकटीच्या वहीत उतरवून घ्यावेत. तसे केले असता हा नियम सांगावा लागणार नाही.

रचनेचा विषय जवळचा निवडावा. पहिल्या प्रयत्नास बाक, हातपंप, बसथांबा असे वीस ठोकळ्यांच्या आतले विषय घ्यावेत. वरच्या वर्गास चाकणच्या संग्रामदुर्गाचा एखादा बुरूज द्यावा. १६६० साली शायिस्तेखानाच्या सैन्यासमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला. तो प्रत्यक्ष पाहून, पावलांनी अंतर मोजून आलेली मुले चौकोनी ठोकळ्यांतून गोलाई कशी आणावयाची याचा विचार करू लागतात. प्रत्येक थरात कोपऱ्यांवरील ठोकळे थोडे आत घेतले की अष्टकोन होतो, आणि दुरून तो गोल भासतो.

पत्रकाची परीक्षा शिक्षकाने करू नये, दुसऱ्या गटाने करावी. एका गटाचे छापलेले पत्रक व त्याच्या यादीप्रमाणे मोजून दिलेले ठोकळे दुसऱ्या गटास द्यावेत, आणि पत्रक करणाऱ्यांनी हाताची घडी घालून गप्प उभे राहावे. ज्या पायरीवर दुसरा गट अडेल त्या पायरीवर पेन्सिलीने खूण करावी. अडले ते करणाऱ्याच्या मंदपणामुळे, असे म्हणण्याचा मोह पत्रक करणाऱ्यांना होतो. त्यांना परत संगणकाकडे पाठवून ती पायरी दोन पायऱ्यांत तोडावयास लावावी. गुण द्यावयाचेच असतील तर रचनेच्या देखणेपणास देऊ नयेत. किती खुणा कमी झाल्या त्यास द्यावेत.

शाळेत खरे जोडठोकळे नसतील तर हीच परीक्षा सारख्या मापाच्या आगपेट्यांना रंगीत कागद चिकटवून घ्यावी. तशा वेळी पडद्यावरील रचनेत एकाच मापाचा ठोकळा वापरण्याची अट घालावी. तयार फाइली प्रत्येक गटाच्या नावाने व तारखेने जपून ठेवाव्यात आणि पुढील वर्षी त्याच इयत्तेतील मुलांना दुरुस्तीसाठी द्याव्यात. ठोकळ्यांची पेटी असल्यास तिच्या झाकणाच्या आत रंगवार यादी चिकटवावी, आणि तास संपण्यापूर्वी दहा मिनिटे राखून, गणना ठेवणाऱ्या मुलाकडूनच ठोकळे मोजून पेटीत परत भरून घ्यावेत.