भाकऱ्या जाड होतात

अंध माणसाला शहरातल्या संस्थेत न नेता त्याच्याच घरी, गावात शिकवायचं, हे आमचं काम. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने हा विचार पुढे आणला. मी तो चुका करत शिकलो.

१. आधी डोळे तपासून घ्या. एका आजींना मी दोन आठवडे काठी शिकवली. मग शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे. आजी म्हणाल्या, "तरीच! उन्हात मला तुझा सदरा दिसायचा." २०१७पासून आपल्याकडे तीन मीटरवरची बोटं मोजता येतात का, यावर अंधत्व ठरतं. मी आजींसमोर एक बोटही धरलं नव्हतं.

२. प्रशिक्षणात शिकवलं होतं, ताट म्हणजे घड्याळ समजा. मी ऐटीत म्हणालो, "ठेचा तीन वाजता." जन्मांध पोरगी म्हणाली, "तीनला तर आम्ही जेवत नाही." तिने घड्याळाचे काटे कधी चाचपलेच नव्हते. तेव्हापासून मी "उजव्या हाताला ठेचा" म्हणतो.

३. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. डावा पाय पुढे पडताना तिचं टोक उजवीकडे टेकायचं. डांबरी रस्त्यावर हे झकास जमतं. पावसाळ्यात काळ्या मातीत टोक रुततं, माणूस अडखळतो. मग घरापासून गोठ्यापर्यंत धरून चालायला तार बांधायची. पुस्तकात काही का असेना.

४. दंड धरून ओढू नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या.

५. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मिळवून द्याच. सवलती त्यावरच मिळतात. पण दाखला आला की घरचे खूश, आणि माणूस खाटेवर तसाच.

६. घरच्यांची माया सर्वांत अवघड. लग्नानंतर दृष्टी गेलेल्या एका सूनबाईंना चुलीजवळ कुणी फिरकू देईना. आम्ही तव्यावर पाणी शिंपडून 'चर्र' ऐकायला शिकवलं, भाकरीची कड बोटाने हलवून बघायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी बोट भाजलं. नवऱ्याचा फोन आला, "उद्यापासून येऊ नका." आठवडाभराने धीर करून गेलो. आतून थापण्याचा आवाज येत होता. सासूबाई दारातच म्हणाल्या, "बोट बरं झालंय. पण भाकऱ्या लई जाड करते हो, सांगा तिला."

भेटीच्या वहीत मी तेवढंच लिहिलं: भाकऱ्या जाड होतात.