गोडाची तल्लफ आणि साडेपाच रुपयांचा खाऊ

दुपारच्या जेवणाला तीन-चार तास होतात आणि हात आपसूक बिस्किटांच्या पुड्याकडे जातो. ही तल्लफ मोडायची म्हणून आता बाजारात वेगळीच रांग लागली आहे: शुगर फ्री कुकीज, एनर्जी बार, खजुराचे सिरप, चकचकीत डब्यातले मखाणे. माझे सांगणे एवढेच की यातले बहुतेक काही विकत घ्यायची गरज नाही. वाण्याकडचे फुटाणे-शेंगदाणे, मंडईतली केळी-पेरू आणि घरी विरजलेले दही यांवर काम भागते, आणि चांगले भागते.

त्याला किती खर्च येतो, काय पारखून घ्यावे आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते पुढे दिले आहे. भाव गावागणिक आणि हंगामाप्रमाणे बदलतात. इथले आकडे हिशेबासाठी धरलेले साधारण किरकोळ भाव आहेत. आपल्या दुकानातला भाव घालून गणित पुन्हा करून पाहावे.

साखर कुठून येते, पैसा कुठे जातो

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर अधिक चांगले. ५ टक्के म्हणजे प्रौढ माणसाला सुमारे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही जवळपास हीच मर्यादा आहे. या हिशेबात मध आणि फळांचा रसही धरला जातो. अख्खे फळ आणि साधे दूध धरले जात नाही.

आता चहा घ्या. भरलेला चमचा ५ ग्रॅमचा. दिवसाला तीन कप, कपाला दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम. बिस्किटाला हात लावण्याआधीच मर्यादा ओलांडली. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती एकटीच दिवसाचा कोटा संपवते.

पैशाचे गणित मात्र उलटे आहे. चौघांच्या घरात चहापुरती साखर महिन्याला ३.६ किलो लागते. ४५ रुपये किलोने १६२ रुपये. ती निम्मी केली तरी ८१ रुपयेच वाचतात. साखरेच्या डब्यातून फारसे पैसे सुटत नाहीत, कारण खरी गळती बाहेर आहे. कामाच्या ठिकाणी रोज २० रुपयांचे शीतपेय आणि १० रुपयांची बिस्किटे घेणाऱ्याचे २५ दिवसांत ७५० रुपये जातात, तेही एकट्याचे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे आणि चॉकलेट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. साखरेच्या शीतपेयांवर तो ४० टक्के आहे. बिस्किटांचा मोह आता आणखी स्वस्त झाला आहे, म्हणून ‘परवडते’ या एका कारणाने ती घरात आणू नयेत. ताज्या फळांवर जीएसटी मुळातच नाही.

तल्लफ का येते

बऱ्याचदा ती भूकच असते. सकाळी नुसते पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा झाला, तर पोटात बहुतेक पिष्टच जाते. ते लवकर पचते आणि लवकरच पुन्हा काहीतरी हवेसे वाटते. प्रथिने, चोथा आणि थोडी चरबी असलेले खाणे पोटात जास्त वेळ टिकते. त्यामुळे गोडावरचा पहिला उपाय सकाळच्या न्याहारीत आहे: पोह्यांत मूठभर मटार आणि दाणे, सोबत वाटीभर मोड आलेली मटकी किंवा एक उकडलेले अंडे. यात माणशी थोडेच रुपये वाढतात.

दुसरे कारण अपुरी झोप. जागरण झाले की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची खूण देणारे कमी होते आणि मन गोड-तेलकटाकडे ओढ घेते. तिसरे कारण निव्वळ सवय: जेवणानंतर काहीतरी गोड, चहासोबत काहीतरी बुडवायला. कधी नुसती तहानही असते. तल्लफ आली की आधी पेलाभर पाणी प्यावे आणि दहा मिनिटे थांबावे. याला पैसा लागत नाही.

कशाला किती पडते

एका माणसाच्या एका वेळच्या खाण्याचा खर्च असा:

- फुटाणे २० ग्रॅम आणि भाजलेले शेंगदाणे १५ ग्रॅम (फुटाणे १६० रुपये, दाणे १५० रुपये किलो): सुमारे साडेपाच रुपये
- केळे, एक (६० रुपये डझन): ५ रुपये
- पेरू, १५० ग्रॅमचा (८० रुपये किलो): १२ रुपये
- घरचे दही, एक वाटी (दूध ६० रुपये लिटर): ९ रुपये
- ताक, एक पेला, जिरेपूड घालून: ५ रुपये
- मोड आलेली मटकी, एक वाटी (कोरडी २५ ग्रॅम, १३० रुपये किलो): सव्वातीन रुपये
- उकडलेले अंडे, एक: ७ रुपये
- बदाम, दहा: ११ रुपये
- मखाणे, २० ग्रॅम: २० रुपयांच्या पुढे
- एनर्जी बार, एक: ४० ते ६० रुपये

बदाम आणि मखाणे वाईट नाहीत. पण तल्लफ भागवायला तेच हवेत असे मुळीच नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, फुटाण्यात २० च्या आसपास. गरिबाचा खाऊ म्हणून ज्याकडे पाहिले गेले, तो पोषणात कुठेही कमी नाही.

फुटाणे-दाणे पारखून घ्या

भडभुंज्याचे दुकान जवळ असेल तर तिथून ताजे भाजलेले घ्यावेत. सालीसकट फुटाणे घ्यावेत, कारण चोथा सालीत असतो. चिवड्यासाठी वापरतो ते पंढरपुरी डाळे सोललेले असते, ते पटापट खाल्ले जाते आणि किती खाल्ले ते कळत नाही. फुटाणा दाताखाली कुरकुरीत तुटला पाहिजे. चिवट लागला तर माल जुना किंवा सर्दाळलेला. डोळ्यांत भरणारे पिवळेधमक फुटाणे टाळावेत. ऑरामाइन नावाचा पिवळा रंग खाण्याच्या पदार्थात वापरायला बंदी आहे, तरी तो भेसळीत सापडतो.

शेंगदाणे मूठभर हातात घेऊन वास घ्यावा. खवट वास आला तर घेऊ नयेत. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी धरलेले दाणे निवडून फेकावेत. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. खारे दाणे रोज नकोत, मिठाचा हिशेब वाढतो. पावसाळ्यात महिन्याचा माल एकदम भरू नये. पाव-पाव किलो आणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा.

आणि बरणीतून थेट खाऊ नये. ३५ ग्रॅम म्हणजे एक छोटी मूठ. ती वाटीत काढून बरणी जागेवर ठेवावी. दाणे तेलबी आहेत, मुठीमागून मूठ गेली तर ऊर्जेचा हिशेब बिघडतो.

फळ हंगामाचे आणि अख्खे

गोडच हवे असेल तेव्हा फळ हे सर्वांत चांगले उत्तर. पेरूत १०० ग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम चोथा असतो आणि क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. हिवाळ्यात पेरू, बोरे, आवळे आणि ओल्या हरभऱ्याचे घाटे, उन्हाळ्यात कलिंगड आणि कोकण किनाऱ्यावर ताडगोळे, पावसाच्या तोंडावर जांभळे. हंगामात भाव उतरतो आणि चवही पूर्ण भरलेली असते. केळे बारा महिने मिळते. ठिपके पडलेली केळी विक्रेते अनेकदा कमी भावात देतात, आणि गोडीला तीच सरस असतात.

रस काढू नये. रसात चोथा जातो, साखर राहते आणि तीन-चार संत्री दोन मिनिटांत पोटात उतरतात. दुकानात रस घेतला तर त्यात साखरेचा पाकही पडतो. शिवाय एका पेल्याच्या पैशांत अख्खी फळे जास्त येतात.

वाटीभर दह्यात केळ्याचे काप आणि चिमूटभर वेलचीपूड घालून पाहा. १५ रुपयांच्या आत गोडाची वाटी होते आणि साखरेचा एक दाणा लागत नाही.

इथे पैसे घालवू नका

गूळ आणि मध: दोन्ही शेवटी साखरच. १० ग्रॅम साखरेत ४० कॅलरी, १० ग्रॅम गुळात सुमारे ३८. गुळात थोडी खनिजे असतात, पण चहाला लागतो तेवढ्या गुळातून मिळणारे लोह नगण्य. चवीसाठी गूळ जरूर खावा, मात्र ‘गूळ आहे, चालतो’ म्हणून दुप्पट घालू नये. ब्राऊन शुगरला जास्त पैसे मोजण्याचेही कारण नाही.

खजूर: चांगला आहे, पण त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखर असतो. दोन लहान खजूर दाण्यांबरोबर खावेत, चार रुपये पडतात. खजुराचे सिरप मात्र चोथा गेलेली साखरच असते.

शुगर फ्री पदार्थ: नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच तसे लिहिता येते. मैदा आणि तूप-तेल त्यात असतेच. माल्टिटॉलसारखे गोडवे जास्त पोटात गेले तर पोट फुगते, जुलाब होतात. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडवे किंवा स्टीव्हिया वापरू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. तो मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाकिटाची मागची बाजू

पुढे ‘मल्टिग्रेन’, ‘नॅचरल’ काहीही छापलेले असो, पाकीट उलटे करावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या तिनांत असेल तर तो गोड पदार्थच. इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, गूळ, मध अशी वेगवेगळी नावे आली तर ती मनात एकत्र धरावीत. पोषणाच्या चौकटीत ‘ॲडेड शुगर’ची वेगळी ओळ असते. तो आकडा ५ ने भागला की चमचे कळतात. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका खेपेचा, हेही पाहावे. एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. दोन पाकिटांची तुलना त्यावरून करावी, पाकिटाच्या आकारावरून नाही. दावा खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

चहा आणि जेवणानंतरचा घास

चहातली साखर एकदम बंद केली की बहुतेकांचा निश्चय टिकत नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करावा. आले, वेलची, गवती चहा घातला की फिकेपणा कमी जाणवतो. काही आठवड्यांत जीभ कमी गोडीला रुळते आणि जुना चहा पाकासारखा लागू लागतो. जेवणानंतर मिठाईऐवजी चमचाभर साधी बडीशेप खावी, ६० पैसे पडतात. रंगीत साखर चढवलेली बडीशेप नको.

चौघांची आठवड्याची खरेदी

फुटाणे अर्धा किलो ८० रुपये, शेंगदाणे ४०० ग्रॅम ६०, केळी एक डझन ६०, पेरू एक किलो ८०, दह्यासाठी दूध दीड लिटर ९०, मटकी पाव किलो ३३, बडीशेप ५० ग्रॅम १५. एकूण ४१८ रुपये. माणशी दिवसाला सुमारे १५. बाहेर रोज ३० रुपये गोडावर घालवणाऱ्याचा खर्च निम्मा होतो.

ज्या घरात रोज १० रुपयांचा एकच पुडा चौघांत वाटला जातो, तिथे मात्र खर्च वाढेल, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यांनी फुटाणे, दाणे आणि केळी एवढेच घ्यावे, २०० रुपयांत आठवडा निघतो. त्या जास्तीच्या पैशांत प्रथिने, चोथा आणि फळ घरात येते, पुड्यात त्यातले फारसे काही नव्हते.

यांनी जपावे

- मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. घाम, थरथर, चक्कर अशी साखर उतरल्याची लक्षणे दिसली तर ताबडतोब ग्लुकोज किंवा साखर घ्यावी. तेव्हा फुटाणे कामाचे नाहीत.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, दाणे यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.
- लहान मुलांच्या घशात दाणे-फुटाणे अडकू शकतात. त्यांना दाण्याचे बारीक कूट, मऊ फळ द्यावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.
- सतत तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन घटणे अशी लक्षणे असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

सगळे एकदम बदलायला जाऊ नये. सुरुवातीला पाव किलो फुटाणे आणि पाव किलो दाणे आणावेत. ७७ रुपये ५० पैशांत एका माणसाचे बारा दिवस निघतात. वाटी चार वाजता, तल्लफ यायच्या आधी खावी. बारा दिवसांनी बिस्किटांवरचा खर्च किती घटला ते लिहून पाहावे, आणि मगच चहाच्या चमच्याला हात घालावा.