रक्ततपासणी आणि रुग्णालयातील मुक्काम

एकाच विकाराचे दोन रुग्ण चिखलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल होतात. एक लवकर घरी परततो, दुसऱ्याचा मुक्काम लांबतो. याचे कारण पुष्कळदा रक्तात आढळते. दर 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन पुरुषांत 13 व स्त्रियांत 12 ग्रॅमहून कमी असल्यास रक्तक्षय समजावा. रक्तद्रवातील अल्ब्युमिन 3.5 ग्रॅमच्या खाली गेल्यास शरीरातील दाह, यकृताचे वा मूत्रपिंडाचे विकार किंवा अपुरे पोषण संभवते. रक्तशर्करा वाढलेली असल्यास जखम भरण्यास विलंब लागतो. वार्धक्य, जुने आजार व घरी शुश्रूषेस कोणी नसणे, हीही कारणे आहेत. वय बदलता येत नाही. रक्तक्षय व मधुमेह मात्र आवरता येतात. म्हणून मुरगावातील नागरिकांनी नियोजित शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच रक्त तपासून घ्यावे.