डोंगरवाडी आणि दवाखान्याची वाट

खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगड उभा आहे. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराची दरड सुटून ती वाडीवर कोसळली. त्यापूर्वीच्या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. पाण्याने माती जड होते, खडक व माती यांच्यामध्ये पाण्याचा दाब वाढतो आणि उतारावरील पकड सुटते. ह्या दुर्घटनेत २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैस शोध थांबविण्यात आला. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत राहत असल्यामुळे वाचली. दरडप्रवण गावांच्या यादीत ह्या वाडीचे नाव नव्हते.

ह्या घटनेकडे आरोग्यसेवेच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. रुग्णवाहिका पायथ्याशी थांबे व तेथून पुढे चिखलातली, निसरडी, उभी चढण. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही. मोठी यंत्रे वर नेता न आल्याने माती कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली. मदतीस निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने मरण पावले. धडधाकट माणसाची जेथे ही गत, तेथे जखमीस झोळीतून खाली आणणे किती कठीण, हे सांगावयास नको. कर्जत-खालापूरच्या अनेक वाड्यांना झोळी ही काही आपत्तीतच आठवणारी वस्तू नाही. अडलेल्या बाळंतिणीस आणि सर्पदंश झालेल्यास तीच रुग्णवाहिका होय.

डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय दंडक आहे. तो माणसे मोजतो; चढण आणि ओढे मोजीत नाही. ओढ्यास पूर आला की नकाशावर दोन मैलांवर असलेले केंद्र त्या दिवसापुरते नाहीसे होते. परिचारिका पलीकडे, रुग्ण अलीकडे.

सपाटीवरील इस्पितळांची अडचण निराळी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पुराचे पाणी शिरले, तेव्हा एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण दगावले. त्याआधी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. बालकांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. वीज दीर्घकाळ गेल्यास त्या बर्फाच्या शीतपेटीत हलवाव्या लागतात. आणि बर्फ वितळण्यापूर्वी पुढील ठिकाण गाठावयाचे, तर पुन्हा रस्ता हवाच.

चौथीच्या वर्गात परिसराचा पाठ घेताना शिक्षकाने मुलांकडून आपल्या वाडीपासून उपकेंद्रापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. ओढे, साकव, घसरणीच्या जागा त्यात दाखवाव्यात. एकाच वाटेला मे महिन्यात किती वेळ लागतो व जुलैत किती, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. आषाढ-श्रावणात बाळंतपण अपेक्षित असलेल्या घरांची माहिती आशा कार्यकर्तीजवळ असते. तो नकाशा तिलाही दाखवावा आणि जूनच्या पहिल्या पावसापूर्वी ग्रामपंचायतीत नेऊन द्यावा.