पोरीची वेणी आणि घरचा हिशोब



गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ता, व्याज सगळं वहीत लिहितो. पण दोन-दोन रुपयांनी घरातून जाणारा पैसा कुठल्याच वहीत येत नाही. शाम्पूची पुडी, रबर, पिना, रिबीन, उवांचं औषध, असा तो जातो. या पाठात आपण मुलींच्या केसांवरचा खर्च बघू आणि निगाही बघू. खर्च कमी करायचा, निगा नाही, एवढं धरून चाला.

आधी हिशोब

घरात दोन मुली आहेत आणि दोघींना आठवड्यात दोनदा न्हायला दोन रुपयांची एकेक पुडी लागते, असं समजा. आठवड्याचे 8 रुपये, म्हणजे 52 आठवड्यांचे 416 रुपये झाले. तीच पुडी तांब्याभर पाण्यात घोळून दोघींना वापरली तर खर्च निम्म्यावर येतो. 208 रुपये वाचले. यात वह्या येतात.

शिकेकाई घरी करायची असेल तर आठ-दहा शेंगा, चार-पाच बिया काढलेले रिठे आणि थोडी आवळकाठी रात्री भिजत घाला. सकाळी उकळा, गार करा, फडक्याने गाळा. न्हाताना पोरीला डोळे मिटायला सांगा, रिठा डोळ्यांत झोंबतो. कपड्याचा साबण किंवा सोडा मात्र डोक्याला लावू नका. केस कोरडे होतात आणि गुंता वाढतो.

नोटांच्या बंडलाला लावायचं रबर केसांना लावू नका, काढताना केस तुटतात. त्याऐवजी ब्लाउजच्या कात्रणातून हातभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टी घ्या. नळीसारखी शिवा, आत वीतभराहून थोडं कमी इलॅस्टिक ओवा आणि टोकं जोडा. झाला बंध तयार. विकत घ्यायची गरजच नाही.

शाळेसाठी दोन वेण्या

1. आधी केसांची टोकं विंचरा, मग मधले केस, शेवटी मुळाकडचे. वरून कंगवा ओढला की गुंता घट्ट होतो आणि पोरगी रडते.
2. मधोमध भांग पाडून केसांचे दोन भाग करा.
3. एका बाजूचे तीन पेड करा. उजवा पेड मधल्यावर, मग डावा मधल्यावर, असं खालपर्यंत विणा.
4. टोकाला बंध लावा. वेणी लांब असेल तर दुमडून कानामागे रिबिनीने बांधा. खेळताना केस सुटत नाहीत.

वेणी किती घट्ट घालायची? पोरीच्या भुवया ताणल्या जात असतील तर ती फार घट्ट झाली. रोज असे केस ओढले गेले तर कपाळाकडचे केस विरळ होतात. भांगही अधूनमधून जागा बदलून पाडा.

सणासुदीला सागरवेणी

कपाळावरचे थोडे केस घेऊन तीन पेड करा आणि एकदा विणा. मग बाजूचा पेड मध्ये आणताना दर वेळी त्या बाजूची एक बारीक बट त्यात मिळवा. मानेपर्यंत आलं की पुढे साधी वेणी घाला. वर अबोलीचा किंवा मोगऱ्याचा छोटा गजरा पुरतो. पोरगी लहान असेल, केस सांभाळता येत नसतील, तर सरळ बॉबकट करा. त्यात काही कमीपणा नाही.

उवा झाल्या तर

उवा घाणीमुळे होत नाहीत, डोक्याला डोकं लागून होतात. म्हणून पोरीला रागावू नका. लिखेतून साधारण सात ते दहा दिवसांत ऊ बाहेर पडते. त्यामुळे एकदा फणी फिरवून काम होत नाही. ओल्या केसांना तेल लावून बारीक फणीने दर तीन-चार दिवसांनी, निदान तीन आठवडे विंचरा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा. तरी जात नसतील तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि सांगतील तेच औषध लावा.

रॉकेल किंवा शेतातलं फवारणीचं औषध डोक्याला कधीही लावू नका. ते कातडीतून अंगात भिनतं, पोरीच्या जिवावर बेतू शकतं. औषधाचे पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

जट म्हणजे गुंताच

बरेच दिवस केस विंचरले नाहीत की गळालेले केस आतच अडकतात. त्यात धूळ, घाम, तेल मिसळतं आणि केसांची दोरी होते. ती जट. पाणी आत पोचत नाही, उवा होतात, फोड येतात, वजनाने मान दुखते. मग कुणी म्हणतं, देवी आली, कापली तर कोप होईल. हळदकुंकू वाहिलं जातं, पोरीची शाळा सुटते, आणि कुठे कुठे तिला देवीला सोडण्याची गोष्ट निघते. राज्यात देवदासी प्रथा निर्मूलनाचा 2005 चा कायदा आहे. मुलीला देवाला सोडणं हा गुन्हा आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 पासून काम करते. तिच्या कार्यकर्त्यांनी घरच्यांना समजावून अनेक बायका-मुलींच्या जटा कापल्या आहेत. जट कापल्यावर डोकं हलकं होतं, मान मोकळी होते. कोप कुणाचाच होत नाही. आपल्या भांडगावात किंवा आसपासच्या वाडी-वस्तीवर अशी मुलगी दिसली तर आशाताईंना सांगा. मुलीवर जबरदस्ती होत असेल तर 1098 या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

म्हणून सांगते, रोजची दहा मिनिटं चुकवू नका. सकाळी कामाला जायची घाई असेल तर रात्री विंचरून सैल वेणी घाला. आई नसेल तर आजीने घालावी, बापाने शिकावी. वेणी घालता घालता पोरगी शाळेतलं काहीबाही सांगते, तेही ऐकायला मिळतं.

पुढच्या बैठकीसाठी

- महिन्याचा केसांवरचा खर्च प्रत्येकीने लिहून आणावा.
- घरची कात्रणं आणावीत. बैठक संपल्यावर सगळ्या मिळून बंध शिवू.
- आपल्या गटातल्या कुणाच्या घरी किंवा शेजारी जट असलेली मुलगी आहे का? तिच्या आईशी कोण बोलेल, हे नावानिशी ठरवावं.